तुमचा पहिला झोंबी कोणता होता?

लिंबोणी
गणपतीच्या तयारीसाठी काल माळा उपसला. बुटांच्या जुन्या खोक्यात प्लेस्टेशनचं मेमरी कार्ड सापडलं. करड्या रंगाचं, वर दादाच्या अक्षरात स्केचपेननं 'हात लावू नये'. अंगावर काटाच आला.

१९९८ ची दिवाळीची सुट्टी. दादानं मित्राकडून दोन दिवसांसाठी प्लेस्टेशन आणि 'रेसिडेंट इव्हिल' हा झोंबींचा गेम आणला होता. मी सातवीत. खेळायचा तो, माझ्याकडे वही. कुठल्या खोलीत टाइपरायटर आहे, शाईच्या रिबिनी किती उरल्या, हे लिहून ठेवायचं. रिबीन असेल तरच खेळ साठवता यायचा.

त्यातला पहिला झोंबी पाठमोरा भेटतो. खाली वाकून काहीतरी खात असतो. मग सावकाश मान वळवून बघतो. बस, एवढंच. दादाच्या हातातला कंट्रोलर पडला आणि मी आजीच्या पांघरुणात.

तो इतका हळू चालतो की आजीनंही त्याला मागे टाकलं असतं. पण बोळ अरुंद, गोळ्या मोजक्या. दार उघडताना पडदा काळा व्हायचा आणि नुसतं ते दार करकरताना दिसायचं. पलीकडे काय असेल या विचारानं तेवढ्यात पोटात गोळा यायचा. पुढे धावणारे, भिंतीवर चढणारे पुष्कळ पाहिले, पण ती भीती परत भेटली नाही. हळू झोंबी विचार करायला वेळ देतो, म्हणून तो जास्त वाईट, असं माझं ठाम मत आहे.

तुमचा पहिला कोणता? सिनेमातला, गेममधला, कुठलाही. त्याचे नियम काय, त्याच्यापासून वाचायचं कसं, तेही लिहा.

रात्रपाळी
कुत्रे!!! काच फोडून येतात ते. त्यानंतर कित्येक महिने चाळीच्या गॅलरीत मी खिडक्यांच्या बाजूनं चालत नव्हतो.

२००२ मध्ये तोच गेम नव्यानं आला, तो खेळलात का? त्यात पाडलेला झोंबी तसाच ठेवून गेलात तर काही वेळानं लालभडक होऊन उठतो, नखं वाढलेली, आणि चक्क धावतो. एकतर डोकं उडवायचं नाहीतर रॉकेल ओतून जाळायचं. रॉकेल पुरेसं मिळत नाही. कुठला जाळायचा नि कुठला सोडायचा हे ठरवताना घाम फुटायचा.

शिरीषाचं फूल
शीर्षक वाचून आनंद यादवांच्या 'झोंबी'वर चर्चा असेल म्हणून आले. असो, वाचतेय.

बोरूबहाद्दर
@शिरीषाचं फूल, त्या 'झोंबी'लाच १९९० चं साहित्य अकादमी मिळालं होतं. त्यावर वेगळा धागा काढा, मी नक्की लिहीन.

गव्हाण
सगळे चावणाऱ्या झोंबींवर लिहिताहेत. मूळचा झोंबी हैतीचा आणि तो कुणाला चावत नाही. हैतीत फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांवर आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांना मरेस्तोवर राबवलं. तिथल्या लोकांना भीती झोंबीनं आपल्याला खाण्याची नव्हती, आपणच झोंबी होण्याची होती. मेल्यावरही सुटका नाही, मालक थडग्यातून उठवून पुन्हा कामाला जुंपणार. झोंबीला मीठ खायला मिळालं तर तो भानावर येतो, अशीही तिथली समजूत.

१९३२ च्या 'व्हाइट झोंबी'मध्ये साखरेच्या गिरणीचा प्रसंग आहे. माणसं टोपल्या घेऊन एका चालीनं फिरताहेत, एक जण तोल जाऊन घाण्यात पडतो, आणि बाकीचे थांबतसुद्धा नाहीत. मी साखर कारखान्याच्या कॉलनीत वाढलो. हंगामात रात्रभर ऊस आत ओढणाऱ्या गव्हाणीचा आवाज, पहाटे थंडीत ऊसतोड्यांच्या गाड्यांची रांग, बैलाच्या पाठीशी टेकून झोपलेली पोरं. तो प्रसंग बघून मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ बसून राहिलो. सिनेमा जुना आहे, अभिनय आज कृत्रिम वाटेल, तरी बघा.

माणसं खाणारे, डोक्यावर घाव घातला तरच मरणारे झोंबी रूढ झाले दिग्दर्शक जॉर्ज रोमेरोच्या १९६८ च्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या सिनेमापासून. गंमत म्हणजे त्यात 'झोंबी' हा शब्द एकदाही येत नाही.

लिंबोणी
गव्हाणदादा, मिठाचं माहीत नव्हतं. जेवताना घरात वाचून दाखवलं, सगळे गप्प झाले.

पावट्याची उसळ
मोबाइलवरून लिहितेय, कुकर लावलाय, चुका सांभाळून घ्या. माझा मुलगा नऊ वर्षांचा, माइनक्राफ्ट खेळतो. त्यातला साधा झोंबी उन्हात जळतो. पण गावकऱ्याचा झोंबी झाला असेल तर त्याला बरं करता येतं. अशक्तपणाचं औषध फेकायचं, मग सोन्याचं सफरचंद द्यायचं. तो थरथरायला लागतो, काही मिनिटं वाट बघायची, की पुन्हा माणूस.

परवा यानं एकाला छपराखाली कोंडून ठेवलं होतं, ऊन लागू नये म्हणून. सोनं गोळा करण्यात अख्खी संध्याकाळ घालवली. मी म्हटलं मारून टाक आणि अभ्यासाला बस. तर म्हणतो, आई, तो आजारी आहे, वाईट नाहीये. शिट्ट्या झाल्या, येते नंतर.

कडूलिंब
माझा '२८ डेज लेटर'. २००२ चा सिनेमा, मी दोन वर्षांनी पाहिला, हॉस्टेलवर, रूममेटच्या कॉम्प्युटरवर. ते मेलेले नाहीत, जिवंत माणसंच आहेत, विषाणूनं संतापानं वेडी झालेली. रक्त अंगात गेलं की काही सेकंदांत पालटतात. आणि धावतात.

पण मला लागला तो कावळा. वर प्रेत अडकलंय, त्यावर कावळा टोचा मारतोय, खाली उभ्या बापाच्या डोळ्यात रक्ताचा थेंब पडतो. त्याला कळतं. तो पोरीला सांगतो की माझं तुझ्यावर खूप प्रेम आहे, आणि लगेच तिला लांब लोटतो.

माझे बाबा त्याच महिन्यात गेले होते. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना, आम्ही घाटावर दोन तास उभे होतो. शेवटी काका म्हणाले, पोरीचं शिक्षण पुरं करतो, तेव्हा शिवला. तो प्रसंग आला आणि मी खोलीबाहेर जाऊन जिन्यात बसले. नंतर तो सिनेमा तीनदा पाहिलाय. दर वेळी तिथे थांबते, मग पुढे जाते.

रात्रपाळी
ताई, काय लिहू. शिक्षण पूर्ण झालं ना?

कडूलिंब
हो. एम.एस्सी. काकांनी शब्द पाळला.

गव्हाण
काकांना नमस्कार सांगा.

आठ सतराची लोकल
डोंबिवलीकर हजर. 'झोंबिवली' (२०२२) थेटरात पाहिला. आपल्याच गावात, आपल्याच पाण्याच्या रडगाण्यातून झोंबी निघाले की वेगळंच वाटतं. सोसायटीचं गेट आणि शेजारची वस्ती यांचं नातं त्यात बरोबर पकडलंय.

पण सगळ्यात भारी 'ट्रेन टू बुसान', २०१६, कोरियाचा. त्या झोंबींना दार उघडता येत नाही आणि अंधारात दिसत नाही. म्हणून दाराच्या काचेला ओले पेपर चिकटवायचे आणि बोगदा आला की हळूच पुढे सरकायचं. पारसिकच्या बोगद्यात गाडी शिरली की अजून आठवतं.

मुंगीपालक
गेममध्ये 'द लास्ट ऑफ अस', २०१३. बुरशीनं डोकं फुटून डोळेच गेलेले क्लिकर, टकटक आवाज काढून वटवाघळासारखा अंदाज घेतात. दबकत चालायचं, बाटली लांब फेकायची, तो तिकडे वळला की सटकायचं. तेव्हा बायको स्वयंपाकघरात गॅसचा लायटर टकटकवायची आणि मी हेडफोन काढून मागे बघायचो.

तशी बुरशी खरी आहे. सुतार मुंगीच्या शरीरात वाढते, मुंगी पानाच्या शिरेला घट्ट चावून तिथेच मरते आणि तिच्या डोक्यातून देठ फुटतो. माणसाला होत नाही, निर्धास्त राहा.

शिरीषाचं फूल
मुंगीचं वाचून आता झोप नाही. @पावट्याची उसळ, तो गावकरी बरा झाला का?

पावट्याची उसळ
झाला! आता याला सगळं स्वस्तात देतो. लेकानं त्याला घर बांधून दिलंय, खिडकीसकट.

रात्रपाळी
लिंबोणीताई, ते कार्ड चालतं का अजून? दादांना कळवलं?

लिंबोणी
फोटो पाठवला. दादा नागपूरला असतो. लगेच फोन आला, 'पुसू नकोस, मी आलोच.' चतुर्थीला येतोय, कुठूनतरी जुनं प्लेस्टेशन मिळवलंय म्हणे. ती वही काही सापडली नाही. नवी आणून ठेवलीय, दोनशेपानी.