सिव्ह ६: एम्परर पातळीवर शेजारी टिकू देत नाही, काय करावं?

नवशिकासम्राट
सिव्हिलायझेशन ६ या साम्राज्य उभारायच्या कॉम्प्युटर गेममध्ये प्रिन्स आणि किंग या खालच्या काठिण्य पातळ्यांवर आरामात जिंकतो. त्यांच्या वरची एम्परर लावली की पन्नासाव्या टर्नच्या (खेळीच्या) आत गाशा गुंडाळावा लागतो. काल तिसऱ्यांदा तेच झालं. टर्न ३८ ला शेजारच्या कॉम्प्युटर खेळाडूचे पाच वॉरियर दारात, माझ्याकडे एक वॉरियर आणि एक स्लिंगर (गोफणवाला). दुसरं शहर गेलं, राजधानी अर्धमेली. स्टोनहेंज हे आश्चर्य (एकालाच बांधता येणारी वास्तू) बांधत होतो, तेही दुसऱ्यानेच आधी पूर्ण केलं. कॉम्प्युटर अचानक एवढा हुशार कसा होतो? स्पीड स्टँडर्ड, दोन्ही एक्स्पान्शन आहेत.

अजूनएकटर्न
हुशार कसला, वशिल्याचं तट्टू आहे ते! प्रिन्सला दोघं बरोबरीत असता. एम्पररला तो २ सेटलर (शहर वसवणारे) आणि ३ वॉरियर घेऊन उतरतो, तुम्ही १ सेटलर आणि १ वॉरियर. वर उत्पादन आणि सोनं ४० टक्के जास्त, विज्ञान आणि संस्कृती १६ टक्के जास्त, आणि लढाईत प्रत्येक युनिटला +२. सैन्य चालवायची अक्कल मात्र प्रिन्सला होती तेवढीच. टक्केवारी शेवटपर्यंत राहते, पण तो ती वाया घालवतो. तुम्हाला मारते ती सुरुवातीची गर्दी. पहिले साठ-सत्तर टर्न काढा, मग तो आपोआप मागे पडायला लागतो.

आता तुमच्या स्टोनहेंजचा हिशोब. त्याला लागतं १८० उत्पादन. आर्चर (तिरंदाज) ६० चा. म्हणजे तीन आर्चर तुम्ही दगडांत पुरलेत, आणि दगडही मिळाले नाहीत. एम्परर आणि त्याच्या वर सुरुवातीची आश्चर्यं विसरा.

प्यादं७
+१. पहिलं बांधकाम स्काउट, लगेच स्लिंगर. एखाद्या बार्बेरियनवर (रानटी टोळीवाल्यावर) शेवटचा घाव स्लिंगरच्याच हातून पडू दे, की आर्चरी या शोधाचा युरेका (सवलत) मिळतो आणि शोध ४० टक्के स्वस्त होतो. स्लिंगर ३५ लाच पडतो, ते दोन-तीन करून ठेव आणि आर्चरी आली की सोनं देऊन अपग्रेड कर. क्राफ्ट्समनशिप हा संस्कृतीतला टप्पा झाला की अगोगे हे धोरणाचं कार्ड टाक, ६० चा आर्चर ४० ला पडल्यासारखा होतो.

हल्ला आल्यावर वॉरियर टेकडीवर किंवा जंगलात फोर्टिफाय करून (ठाण मांडून) बसव. त्याने पुढे जायचं नाही, कितीही हात शिवशिवले तरी. आर्चर त्याच्या मागे, त्यांचा पल्ला २ घरांचा आहे. समोरच्या वॉरियरची ताकद २० अधिक २ म्हणजे २२, तुझ्या बाणाची २५. एका बाणाला साधारण ३०-३५ जीव जातो, एकूण १००. तीन बाण एकावरच मार. तिघांना एकेक बाण वाटलास तर तिघं जखमी होतात आणि तिघंही पुढच्या टर्नला ठोसा मारतातच. कॉम्प्युटर रांग लावून एकेक येतो, त्यामुळे हे दर टर्नला जमतं.

नवशिकासम्राट
मी नेमका वाटूनच मारत होतो. 🙈 भिंती आधी की आर्चर?

प्यादं७
आर्चर. शेजारी चिकटून असेल तर मेसनरी (भिंतींचा शोध) लगेच घे. भिंत असली की शहर स्वतः मारा करतं, आणि सुरुवातीला तो बॅटरिंग रॅम (भिंत फोडायचा ओंडका) आणायला बहुतेक वेळा विसरतो.

उंटतिरका
लढाईच कशाला होऊ देता? शेजारी भेटला त्याच टर्नला २५ सोनं देऊन डेलिगेशन (शिष्टमंडळ) पाठवा. पहिल्या भेटीत बहुधा घेतो, दोन टर्न थांबलात तर तोंड फिरवतो. पुढे मैत्री जाहीर झाली की ३० टर्न तो युद्ध करू शकत नाही. आणि त्याच्याकडे ४० टक्के जादा सोनं आहे ना? मग एखादी लक्झरी (चैनीची वस्तू) दोनदा असेल तर जादाची त्यालाच विका, दर टर्नच्या हप्त्याने. त्याचा बोनस आपल्या खिशात. त्याच पैशात बिल्डर किंवा सेटलर घ्यायचा.

घोडाअडीच
सगळे बचावाचंच सांगताय. त्याने दोन सेटलरने जागा निवडून शहरं वसवलीत, ती आपल्यासाठीच आहेत असं समजा. चार-पाच आर्चर, दोन वॉरियर, आणि भिंत चढायच्या आत जवळचं शहर घ्या. मी एम्परर असाच ओलांडला.

अजूनएकटर्न
नवख्याला हे सांगू नका हो. मध्ये नदी-डोंगर असेल तर आर्चर पोहोचेपर्यंत भिंत उभी राहते. आधी बचाव जमू द्या.

नवशिकासम्राट
टर्न १२ च्या सेव्हवरून पुन्हा खेळलो. डेलिगेशन नाकारलं, उशीर झाला होता. टर्न ४१ ला सहा वॉरियर आले. टेकडीवर एक वॉरियर, मागे तीन आर्चर. चौघं मेले, दोघं पळाले, माझं एकही युनिट गेलं नाही. पळालेल्यांच्या मागे एक आर्चर पाठवलाच होता, परत बोलावला. दहा टर्न झाल्यावर आता तो तह मागतोय आणि दर टर्नला ४ सोनं देतोय. घेऊ?

उंटतिरका
८ मागा. नाही म्हणाला तर ६.

घोडाअडीच
त्याच्याकडे आता सैन्य उरलंय का ते आधी बघा. 😈