ऑर्केस्ट्राची सॅम्पल लायब्ररी: कोणती घेतलीत, आणि अजून वापरता का?

संगणकावर ऑर्केस्ट्रासाठी लिहिणाऱ्या मंडळींना एक विनंती. सॅम्पल लायब्ररी (खऱ्या वाद्यांचे सूर रेकॉर्ड करून बनवलेला आवाजांचा संच) घ्यायची म्हटलं की आपण डेमो ऐकत बसतो, आणि डेमोत सगळ्याच लायब्ऱ्या भारी वाजतात. ते बनवणारे मुरलेले असतात, शिवाय लायब्ररीला जे जमत नाही ते डेमोत कुणी लिहीतच नाही. म्हणून वापरणाऱ्यांकडून ऐकायचंय: कशासाठी घेतलीत, काय आवडलं, काय खटकतं, मशीन किती तगडं लागलं. "सगळ्यात भारी कोणती" या वादात कृपया शिरू नये.

*

मी स्पिटफायर कंपनीच्या बीबीसी सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या फुकट आवृत्तीवर, डिस्कव्हरवर, सुरुवात केली. लंडनच्या मेडा व्हेल स्टुडिओत रेकॉर्ड केलेला ऑर्केस्ट्रा आहे. डिस्कव्हर काहीशे एमबीत उतरते आणि जुन्या लॅपटॉपवरही सगळी वाद्यं एकदम उघडतात. प्रोफेशनल आवृत्ती ६०० जीबीच्या घरात जाते. डिस्कव्हरमध्ये माइकचं एकच तयार मिक्स मिळतं आणि खरा लेगाटो (सूर न तोडता एकातून दुसऱ्यात जाणं) नाही, त्यामुळे व्हायोलिनची संथ चाल लिहिली की दोन सुरांमधला सांधा कानाला लागतो. पण वाद्यांचा आपसातला तोल आधीच साधलेला असल्यामुळे ओबो कुठे झाकला जातो, बसूनवर किती भार टाकता येतो हे कळायला ती पुरेशी आहे. पुढे कोअर ही मधली आवृत्ती घेतली. प्लगइन (लायब्ररी वाजवणारं सॉफ्टवेअर) तोच, त्यामुळे टेम्प्लेट (वाद्यांची तयार मांडणी) नव्यानं बांधावं लागलं नाही. नव्यानं शिकणाऱ्याला मी डोळे झाकून हीच सांगेन.

*

+१. फक्त डिस्क एसएसडी घ्या. फिरत्या डिस्कवरून मोठी लायब्ररी वाजवायला गेलं तर सूर तुटतात, आणि दोष बिचाऱ्या लायब्ररीला जातो. रॅम कमी असेल तर कॉन्टॅक्टमध्ये (बऱ्याच लायब्ऱ्या ज्यात उघडतात ते सॉफ्टवेअर) पर्ज वापरा: न वाजणारी सॅम्पल्स मेमरीतून उतरतात.

*

माझं बरंचसं काम तारवाद्यांवर चालतं, त्यामुळे सिनेमॅटिक स्टुडिओ स्ट्रिंग्ज. सिडनीच्या ट्रॅकडाउन स्टुडिओत रेकॉर्ड झालेली आहे. लेगाटो इतका गुळगुळीत की एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना गज थांबलाय असं वाटतच नाही. मात्र याची किंमत वेळेत मोजावी लागते. की दाबल्यावर पुढचा सूर लगेच येत नाही, आधी मधला प्रवास वाजतो. संथ लेगाटोत सुमारे ३३३ मिलिसेकंद, मधल्यात २५०, जलद लेगाटोत १००. कुठला लागेल ते की किती जोरात दाबली यावर ठरतं. म्हणजे सगळा ट्रॅक सरसकट मागे ओढून भागत नाही, कारण एकाच ओळीत तीन वेगवेगळे उशीर असतात. मी आधी साध्या आवाजावर तालात वाजवून घेते, मग प्रत्येक नोट तिच्या उशिराइतकी अलीकडे सरकवते. ग्रिडवर ते दृश्य भयंकर दिसतं, कानाला मात्र बरोबर लागतं. ज्यांना वाजवता वाजवता सुचतं त्यांना हे काम जाचेल. अलीकडच्या आवृत्तीत कमी उशिराचा पर्याय आहे, पण माझा हात जुन्यावरच बसलाय.

*

हॉलबद्दल कुणीच कसं बोललं नाही? माझ्या मते निवड तिथूनच सुरू होते. व्हिएन्ना सिम्फॉनिक लायब्ररीचे जुने संच सायलेंट स्टेज या त्यांच्या स्टुडिओत केलेले, जवळजवळ कोरडे, म्हणजे खोलीचा घुमाव नसलेले. त्यांना कुठल्याही खोलीत बसवता येतं, पण ती खोली आपण बांधायची: रिव्हर्ब (घुमाव), अंतर, डावं-उजवं सगळं. उलट ऑर्केस्ट्रल टूल्सची बर्लिन मालिका टेल्डेक्स स्टुडिओच्या दालनात केलेली, तिथे वादक आपापल्या जागी बसलेले आणि खोली आवाजातच मुरलेली. उघडलं की लगेच छान वाटतं, पण ती खोली नंतर पुसता येत नाही. दोन्ही एका तुकड्यात वापरायची तर ओल्या (खोलीचा घुमाव असलेल्या) लायब्ररीचे जवळचे माइक वर घ्यायचे, कोरडीला लांब शेपटीचा रिव्हर्ब द्यायचा आणि शेवटी दोन्हींवर एक सामाईक रिव्हर्ब ठेवायचा. बऱ्यापैकी जमतं. बर्लिनमधलं सुटं एकेक वाद्यही घेता येतं, ही सोय मला फार आवडते. एक इंग्लिश हॉर्न हवा म्हणून अख्खा वूडविंड संच कशाला?

*

मी स्वरलिपीत लिहितो, मॉड व्हीलला (कीबोर्डवरचं, आवाजाचा जोर बदलणारं चाक) हात लावायचा कंटाळा. नोटपर्फॉर्मर हे लिपी वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर. तो सुमारे सेकंदभर पुढची लिपी वाचून मग वाजवतो, त्यामुळे स्लर (सूर जोडून वाजवायची खूण) आणि क्रेशेंडो (हळूहळू चढता आवाज) आपोआप समजून घेतो. म्यूजस्कोर ४ या स्वरलिपीच्या सॉफ्टवेअरबरोबर म्यूज साउंड्स हे आवाज फुकट मिळतात, तेही ऐकण्यासारखे. रेकॉर्डिंग म्हणून द्यायचं नसेल, खरे वादकच वाजवणार असतील, तर मोठ्या लायब्ररीत पैसे घालू नका.

*

खरेदीपूर्वी दोन गोष्टी तपासा. लायब्ररी फुकट कॉन्टॅक्ट प्लेअरमध्ये चालते, की पूर्ण कॉन्टॅक्ट लागतो? पूर्णवाली प्लेअरमध्ये उघडलीत तर १५ मिनिटांनी गप्प होते. दुसरं, परवाना बहुतेक ठिकाणी पुढे विकता येत नाही. मासिक वर्गणीचे पर्याय आहेत, ईस्टवेस्टचा कंपोझरक्लाउड त्यातलाच. भरपूर आवाज चाखायला उत्तम, पण वर्गणी थांबली की जुने प्रोजेक्ट मुके होतात. काम संपलं की ट्रॅक ऑडिओत काढून ठेवायची सवय लावून घ्या.

*

मोठा आवाज म्हणजे मोठा संच हवाच असं नाही. १६ व्हायोलिनांच्या पॅचवर (लायब्ररीतला एक तयार आवाज) तीन सुरांचा कॉर्ड धरला की ४८ व्हायोलिनं वाजायला लागतात, मग सगळं धुरकट होतं. मी स्पिटफायर चेंबर स्ट्रिंग्जकडे त्यासाठीच वळलो: पहिली व्हायोलिनं चार, बाकी प्रत्येक गटात तीन. विभागून लिहिलं तरी संख्या पटण्यासारखी राहते, आणि गजाची खरखर ऐकू येते.

*

ब्रास घेणाऱ्यांसाठी एक चाचणी. हॉर्न जोरात वाजला की नुसता मोठा होत नाही, त्याचा रंगच पालटतो. लायब्ररीत हे वेगवेगळ्या जोराची रेकॉर्डिंग्ज एकमेकांत मिसळून साधतात. सोलो हॉर्नचा एक सूर धरा आणि मॉड व्हील अगदी हळू वर न्या. मध्ये कुठेतरी दोन हॉर्न एकदम वाजताहेत असं वाटलं तर तिथे सांधा उघडा पडलाय, आणि सावकाश चढत जाणाऱ्या चालींमध्ये तो दर वेळी ऐकू येणार. गटाच्या पॅचमध्ये हेच खपून जातं. ट्रम्पेटचा मला मनाजोगता सोलो अजून मिळालेला नाही. कुणी दोन-तीन समोरासमोर वाजवून पाहिले असतील तर लिहा, मंद सुरांवर कसे वाटले तेही.