खासगी छोटं धरण: धोक्याचा वर्ग कोणाकडून ठरवून घ्यावा?

पाणी_सचिव: आमच्या वसाहतीचं स्वतःचं मातीचं धरण आहे. उंची ९ मीटर, पाणी फक्त पिण्यासाठी. विम्याच्या अर्जात 'धोक्याचा वर्ग' असा रकाना आलाय. कोणाला बोलवावं? शिल्लक एका पाहणीपुरतीच आहे, तेव्हा उपकरणं सुचवू नयेत ही विनंती.

घाटमाथा७: उपकरणंच घ्या! आम्ही भरावात पिझोमीटर (मातीतल्या पाण्याचा दाब मोजणारी उपकरणं) बसवलेत, आकडे थेट मोबाइलवर. आलेल्या पाहुण्यांना आधी तेच दाखवतो.

निवांत: ९ मीटर म्हणजे तळं हो. १५ मीटरच्या खाली धरण म्हणतच नाहीत. रकान्यात 'कमी' लिहा आणि मोकळे व्हा.

रटाळ_अभियंता: १५ मीटर ही आयकोल्डची, म्हणजे मोठ्या धरणांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, 'मोठं धरण' ठरवायची रेघ. ५ ते १५ मीटर उंची आणि ३० लाख घनमीटरपेक्षा जास्त साठा असेल तरी ते मोठ्यातच धरतात.

निवांत: तेच म्हणतोय ना मी.

रटाळ_अभियंता: नाही, तुम्ही उलटं म्हणताय. वर्ग ठरतो तो फुटल्यावर खाली काय वाहून जाईल त्यावर. अमेरिकेत उच्च, लक्षणीय आणि कमी असे तीन वर्ग आहेत. माणसं दगावण्याची शक्यता असेल तर उच्च, मग भराव कितीही ठणठणीत असो. धरणाची अवस्था वेगळी तपासतात. हवाईमधलं कालोको हे खासगी धरण कागदावर 'कमी' होतं. २००६ मध्ये फुटलं, ७ जण गेले. सचिव, आधी ओढ्याच्या काठाने खाली चालत जा. घरं, पूल, शाळा कुठे आणि किती उंचीवर आहेत ते टिपा. पाहणीला येणाऱ्याचं निम्मं काम होईल.

घाटमाथा७: आणि पिझोमीटर.

बांधकरी: आमच्या भरावावरची झाडं ठेकेदाराने बुंध्याशी कापली आणि बिल घेऊन गेला. मुळं आत कुजली, पायथ्याला पाझर सुटला. दोन वर्षं निस्तरतोय. पाझराचं पाणी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवून बघा. नितळ राहिलं तर नोंद ठेवा. तळाला गाळ बसला तर भरावाची माती आतून वाहतेय, त्याच दिवशी माणूस बोलवा.

चिमणराव_नव्हे: बिळंही बघा. घुशी, खेकडे.

निवांत: खेकड्यांचं नाव निघणारच होतं 😄

जुनी_वही: सांडव्याचं, म्हणजे जादा पाणी बाहेर जायच्या वाटेचं, कोणीच बोलत नाहीये. १८८९ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स्टाउन गावाच्या वरचं साउथ फोर्क धरण एका खासगी क्लबचं होतं. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या, त्यात कचरा अडकलेला. पाणी माथ्यावरून गेलं. २,२०० हून जास्त माणसं मेली.

चिमणराव_नव्हे: सांडवा मोकळा ठेवाच. आणि बिळं बघा.

पाणी_सचिव: सगळ्यांचे आभार. काल काठाने जाऊन आलो. खाली नवी घरं झालीत, अगदी ओढ्याला लागून. समितीत ठरलं की पाहणी पुढच्या वर्षी. शिल्लक रकमेत सांडवाच हातभर खाली उतरवतो, म्हणजे साठाच कमी राहील.

निवांत: आणि उन्हाळ्यात प्यायचं काय?

रटाळ_अभियंता: अहो, सांडव्याला हात लावायच्या आधी तरी कोणाला तरी दाखवा!

घाटमाथा७: पिझोमीटरचा फोटो टाकू का?