बिटकॉइन न विकता धरून ठेवणाऱ्याला नेमके काय मिळते?

चर्चाप्रस्ताव
बिटकॉइनचा २०११ पासूनचा भाव पाहिला, तर चार वर्षे हातची नाणी न विकणाऱ्या कोणाचेही मुद्दल डॉलरच्या हिशेबात बुडालेले नाही, असे माझे ठाम मत आहे. डिसेंबर २०१७ मध्ये २०,००० डॉलरच्या उंबरठ्यावर खरेदी करणाऱ्याने वर्षभरातच ३,२०० चा तळ पाहिला, पण डिसेंबर २०२१ मध्ये त्याची रक्कम दुपटीहून अधिक झालेली होती. यामागे निव्वळ सट्टा नाही. एकूण नाणी २.१ कोटींच्या पुढे जाणार नाहीत, आणि मायनिंग करणाऱ्यांना, म्हणजे संगणक चालवून व्यवहारांची नोंद ठेवणाऱ्यांना, मिळणारी नवी नाणी साधारण दर चार वर्षांनी निम्मी होतात. २००९ मध्ये प्रत्येक ब्लॉकमागे, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यामागे, ५० नाणी मिळत, एप्रिल २०२४ पासून ३.१२५ मिळतात. म्हणून पगारदार माणसाने बचतीचा लहानसा हिस्सा यात घालून त्याकडे काही वर्षे पाहूच नये.

प्रतिसाद १
चार हा आकडा आपण सोयीने निवडला आहे. आपलाच डिसेंबर २०१७ चा खरेदीदार आणखी वर्षभर थांबला असता, तर एफटीएक्स ही अशा नाण्यांची बाजारपेठ कोसळल्यानंतर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, त्याला १६,००० च्या आतला भाव दिसला असता. म्हणजे चार वर्षे धीर धरणाऱ्याला नफा आणि पाच वर्षे धरणाऱ्याला तोटा, असा हा हिशेब आहे. शिवाय शिखरे पाहा: २०११ मध्ये ३२ डॉलर, २०१३ मध्ये सुमारे १,१५०, २०१७ मध्ये जवळपास २०,०००, २०२१ मध्ये ६९,००० आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या थोडे पुढे. छत्तीस पट, सतरा पट, साडेतीन पट आणि शेवटी दुपटीहून कमी. जुने पट दाखवून आज नव्या माणसाला बोलावणे मला गैर वाटते.

प्रतिसाद २
बाजार मोठा झाला की पट घटणारच, त्यात वावगे काही नाही. धरून ठेवण्याचे फळ पाहायचे, तर माउंट गॉक्सच्या ठेवीदारांकडे पाहावे. टोकियोची ही बाजारपेठ फेब्रुवारी २०१४ मध्ये बुडाली तेव्हा सुमारे साडेआठ लाख नाणी गायब असल्याचे सांगण्यात आले, त्यांपैकी सुमारे दोन लाख पुढे सापडली. त्या वेळी एका नाण्याचा भाव पाच-सहाशे डॉलर होता. प्रत्यक्ष नाण्यांची परतफेड जुलै २०२४ मध्ये सुरू झाली, तोवर भाव ५०,००० च्या वर गेला होता. बहुतांश नाणी गमावूनही, दहा वर्षे वाट पाहिलेल्या या लोकांच्या हाती मूळ किमतीच्या कितीतरी पट रक्कम आली.

प्रतिसाद १
हे उदाहरण माझ्याच बाजूचे आहे. त्यांनी नाणी धरून ठेवली नाहीत, त्यांना ती विकताच आली नाहीत. मुभा असती तर २०१७ मध्ये ५,००० चा भाव दिसताच त्यांतल्या बहुतेकांनी विकून घर घेतले असते, आणि त्यात काही चूकही नव्हती. भावाच्या आलेखात घराचा हप्ता, मुलांची फी, आजारपण यांना जागा नसते. १२ मार्च २०२० रोजी एका दिवसात भाव एक तृतीयांशाहून अधिक घसरला, आणि त्याच महिन्यात टाळेबंदी लागून कित्येकांचे पगार अडले. ज्याला तेव्हा रोख रकमेची गरज होती, त्याला पुढच्या वर्षीच्या तेजीचा काय उपयोग?

प्रतिसाद ३
भारतातल्या कराचा मुद्दा कोणीच काढलेला नाही. एप्रिल २०२२ पासून नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. एका नाण्यातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षावरही नेता येत नाही. सूचिबद्ध शेअर वर्षभराहून अधिक ठेवले, तर सवा लाखापलीकडच्या नफ्यावर १२.५ टक्केच कर आहे. बिटकॉइन मात्र दहा दिवस ठेवा की दहा वर्षे, दर तोच राहतो. धीर धरणाऱ्याला आपला कायदा कोणतीही सवलत देत नाही.

धागाकर्ता
कराबद्दलचे म्हणणे मान्य आहे, आणि ही तरतूद अन्यायाची आहे असे मलाही वाटते. तरीही १ लाखाचे २ लाख झाले, तर ३१,२०० रुपये कर भरून १,६८,८०० हाती राहतात. सात टक्क्यांची मुदत ठेव चार वर्षांनी करापूर्वीच १,३१,००० च्या आसपास पोचते, आणि तिच्या व्याजावरही कर आहेच.

प्रतिसाद १
ठेवीचे व्याज आज लिहून मिळते. आपले २ लाख हे गृहीतक आहे, आणि २०२१ च्या शिखरावर घेऊन २०२५ च्या शिखरावर अचूक विकणाऱ्यालाही डॉलरमध्ये ते साधलेले नाही.