एसएससीनंतर न्यू जर्सीत हायस्कूल: दहावीत घालू की अकरावीत?

केतकी_पुणे

नमस्कार मंडळी. नवऱ्याची एडिसनजवळ बदली झाली आहे. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आम्ही तिघं पोचतोय. लेकीची यंदाच स्टेट बोर्डाची दहावी झाली. इंग्रजी माध्यम, ९१ टक्के. वाढदिवस डिसेंबरातला, म्हणजे तिथली शाळा सुरू होईल तेव्हा पंधरा पूर्ण होऊन सोळावं चालू असेल.

तिथल्या शाळेला ईमेल केला तर उत्तर आलं की कोणत्या इयत्तेत घ्यायचं ते मार्कशीट बघून ठरवू, आणि सोबत सगळ्या विषयांची जाडजूड पीडीएफ. १२० क्रेडिट हवेत, त्यात इंग्रजीचे इतके, कलेचे तितके, पैशांच्या व्यवहाराचा एक अर्धा विषय... इथे सायन्स, कॉमर्स की आर्ट्स एवढंच ठरवायची सवय. रात्री वाचायला बसले आणि झोप उडाली.

घरात दोन पक्ष आहेत. सासूबाई आणि लेक म्हणतात, बोर्ड पास झालेल्या मुलीला परत दहावीत कशाला बसवायचं, वर्ष वाया. नवरा म्हणतो शाळा सांगेल ते. मला नक्की काय वाटतं तेच कळत नाहीये. तिला इंजिनिअरिंगकडे जायचंय, बहुतेक बायोमेडिकल. नववी-दहावीचं काय काय धरलं जातं? दोन वर्षांत १२० होतात का? आणि इथून निघायच्या आधी कोणते कागद गोळा करू?

गणिताच्या_बाई

केतकी, मी डोंबिवलीला नववी-दहावीला गणित शिकवायचे. आता न्यू जर्सीतल्या एका पब्लिक (सरकारी) हायस्कूलच्या गायडन्स ऑफिसात, म्हणजे मुलांचे विषय आणि प्रवेश बघणाऱ्या कचेरीत आहे. बाहेरून आलेल्या मुलांचे कागद माझ्याच टेबलावर येतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अंतिम निर्णय तुमच्या शाळेच्या कौन्सेलरचा, म्हणजे विषय ठरवून देणाऱ्या सल्लागाराचा, आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टचे (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचे) स्वतःचे जादा नियम असतात, हे धरून वाचा.

आधी ते 'वर्ष वाया' बाजूला ठेवा. डिसेंबरात जन्मलेलं मूल इथे जन्मलं असतं तर बहुतेक डिस्ट्रिक्टमध्ये १ ऑक्टोबरच्या कटऑफमुळे या सप्टेंबरला दहावीतच असतं. तुमची मुलगी दहावीत बसली तर ती तिच्याच वयाच्या मुलांत बसेल. अकरावीत बसली तर वर्गातली सगळ्यात लहान. सासूबाईंना हे असंच सांगा, पटेल.

आता हिशोब. वर्षभर रोज होणारा विषय म्हणजे साधारण ५ क्रेडिट. राज्याची किमान अट १२०. त्यात इंग्रजी २०, म्हणजे नववी ते बारावी चारही वर्षं. गणित १५: अल्जिब्रा वन, जॉमेट्री आणि त्यापुढचं एक वर्ष. सायन्स १५, तिन्ही प्रयोगशाळेसह, त्यातलं एक बायॉलॉजी. सोशल स्टडीज १५, त्यात ५ जगाचा इतिहास आणि १० अमेरिकेचा. कलेचे ५, करिअर-टेक्निकलचे ५, परकी भाषा ५, आर्थिक साक्षरता अडीच. हेल्थ आणि पीई (शारीरिक शिक्षण) मात्र इथे जितकी वर्षं असाल तितक्या प्रत्येक वर्षाला पावणेचार, मागचं काही देणं लागत नाही. उरलेले आपल्या आवडीचे.

नववी-दहावीचे क्रेडिट मिळतात, पण जसेच्या तसे नाहीत, आणि इथेच खरी मेख आहे. गणितात आपल्याकडे भाग एक आणि भाग दोन दोन्ही वर्षं बरोबरीनं चालतात. इथे एक वर्ष फक्त अल्जिब्रा, दुसरं वर्ष फक्त जॉमेट्री. मार्कशीटवर 'मॅथेमॅटिक्स' एवढाच शब्द दिसला की बघणारा गोंधळतो. म्हणून नववी-दहावीच्या चारही पुस्तकांची इंग्रजी अनुक्रमणिका छापून न्या. रेषीय समीकरणं, वर्गसमीकरणं, अंकगणिती श्रेढी, संभाव्यता एका बाजूला. समरूपता, पायथागोरस, वर्तुळ, निर्देशक भूमिती, त्रिकोणमिती, महत्त्वमापन दुसऱ्या बाजूला. हे समोर ठेवलं की दोन्ही विषयांचे क्रेडिट मागता येतात.

तरीही प्लेसमेंट टेस्ट, म्हणजे कुठल्या वर्गात बसवायचं ते ठरवणारी चाचणी, घेतील असं धरून चाला. आपली मुलं तिथे हिशोबात अडकत नाहीत, वेगळ्याच गोष्टींत अडकतात. फंक्शन ही कल्पना आणि त्याची लिहिण्याची पद्धत एसएससीत येत नाही. पॅराबोलाचा आलेख काढून वाचणं नाही. भूमितीत आकृती सरकवणं, फिरवणं, मोठी-लहान करणं या रूपानं एकरूपता आणि समरूपता शिकवतात, तेही नवं. आणि ग्राफिंग कॅल्क्युलेटर हातात कधी घेतलेला नसतो. जुलैभर एवढं केलंत तर ती अल्जिब्रा टूला सहज बसेल. हुशार असेल तर त्यापुढेही.

सायन्सची गंमत अशी की आपलं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' भाग एक आणि दोन हे इथल्या कुठल्याच एका विषयाशी जुळत नाही. बरेच ठिकाणी जनरल सायन्स म्हणून क्रेडिट देतात आणि बायॉलॉजी मात्र करायलाच लावतात. प्रात्यक्षिकांचे २० गुण असतात हे मार्कशीटवरून कळत नाही. शाळेकडून प्रयोगांचं एक पत्र आणा, जर्नल सोबत ठेवा. बायोमेडिकल म्हणताय तर बायॉलॉजी परत करणं काही वाईट नाही.

इतिहासाला पळवाट नाही. यूएस हिस्टरीची दोन वर्षं करावीच लागतात. आपल्या इतिहास-भूगोलाचं जागतिक इतिहासात बसवून घेता येतं, तेही कौन्सेलरचं मन वळलं तर.

मग अकरावीत घातलं तर दोन वर्षांत बसतं का? बसतं. साधारण सगळं धरलं गेलं तर साठेक क्रेडिट हातात येतील, आणि रोज आठ तासिकांच्या वेळापत्रकात वर्षाला पस्तीस-चाळीस होतात. अकरावीत इंग्रजी, यूएस हिस्टरी वन, अल्जिब्रा टू, बायॉलॉजी, केमिस्ट्री, पीई, कला, आर्थिक साक्षरता. बारावीत इंग्रजी, यूएस हिस्टरी टू, प्रीकॅल्क्युलस, फिजिक्स, पीई, करिअरचा विषय. कागदावर छान दिसतं. पण इंग्रजीचं एक जरी वर्ष नाकारलं गेलं, किंवा हवे असलेले दोन विषय एकाच तासाला आले, की सगळं कोलमडतं, आणि हे दुसरं तर दरवर्षी होतं.

शिवाय कॉलेजचे अर्ज बारावीच्या सुरुवातीलाच जातात, लवकरचे १ नोव्हेंबरला. तेव्हा तिच्याकडे इथले फक्त अकरावीचे गुण असतील. शिफारसपत्रं लिहिणारे शिक्षक तिला एकच वर्ष ओळखत असतील. पीएसएटी (कॉलेजप्रवेशाच्या एसएटीची पूर्वपरीक्षा) ऑक्टोबरात, म्हणजे शाळा सुरू झाल्यावर महिन्याभरात. हायस्कूल डिप्लोमासाठी लागणारी राज्याची एनजेजीपीए परीक्षाही अकरावीच्याच वसंतात. ती तुमच्या मुलीला जड नाही, पण पहिल्याच वर्षी हे सगळं एकदम? माझं मत स्पष्ट आहे: दहावीत घाला. तीन वर्षं मिळाली की बारावीत एपी (कॉलेजच्या पातळीचे) कॅल्क्युलस आणि फिजिक्सपर्यंत जाता येईल. अकरावीत घातलं तर प्रीकॅल्क्युलसवर थांबेल.

कागद: नववीचं प्रगतिपुस्तक मुख्याध्यापकांच्या सही-शिक्क्यानं इंग्रजीत, दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला इंग्रजीत, लसीकरणाची नोंद तारखांसह. शक्य तर शाळेकडून बंद पाकिटात एक संच. राहत्या पत्त्याच्या पुराव्याशिवाय, म्हणजे घराचा भाडेकरार वगैरे, नोंदणी पुढे सरकत नाही, तो आधी. आणि जुलैत बहुतेक कौन्सेलर सुट्टीवर असतात, तेव्हा ईमेलला उत्तर आलं नाही म्हणून हवालदिल होऊ नका.

प्लेनोकर

बाईंनी लिहिलेलं न्यू जर्सीपुरतंच समजा. हा धागा इतर राज्यांतले लोकही वाचतील म्हणून सांगतो. आमच्या टेक्सासमध्ये वर्षभराच्या विषयाला एकच क्रेडिट, साधारण सगळी मुलं एंडोर्समेंटसह (एका क्षेत्रातले जादा विषय घेऊन) २६ करतात. वर अल्जिब्रा वन, बायॉलॉजी, यूएस हिस्टरी आणि इंग्रजीच्या दोन अशा राज्याच्या पाच परीक्षा. आणि 'क्रेडिट बाय एक्झाम' हा प्रकार इथे चांगला आहे, परीक्षा देऊन विषय सोडवून घेता येतो. कुणी एका राज्याचा तक्ता दुसऱ्या राज्यात वापरू नका.

अर्धवट_अभियंता

काकू, मी नाशिकहून थेट अकरावीत आलो होतो, त्यामुळे तुमच्या मुलीच्या बाजूनं बोलायला हवं, पण नाही बोलणार 🙂

गणितात मजा आली, शिक्षक खूश. यूएस हिस्टरीत मात्र सिव्हिल वॉरमध्ये कोण कुणाशी लढलं इथपासून सुरुवात. वर्गातल्या बाकीच्यांनी हे पाचवीपासून तीनदा वाचलेलं असतं. पाठांतर चालत नाही. सहा-सात जुने कागद देतात, एखादं भाषण, एखादं व्यंगचित्र, आणि त्यावरून निबंध लिहायचा, तुमचा मुद्दा काय ते पहिल्या परिच्छेदात. आपल्याकडच्या 'कारणे द्या'वाल्याला हे झेपायला अर्धं वर्ष जातं, आणि ते अर्धं वर्ष नेमकं माझ्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कॉलेजांना जाणाऱ्या गुणपत्रकावर आहे.

कलेसाठी सिरॅमिक्स घ्यायला सांगा. भाषा येवो न येवो, मातीत हात घातला की मैत्री होते.

लेकीला पटवायला एक मुद्दा देतो: इथे बऱ्याच शाळांत ड्रायव्हिंगची थिअरी दहावीच्या हेल्थच्या तासाला शिकवतात. सोळा पूर्ण झाली की शिकाऊ परमिट मिळतं.

केतकी_पुणे

बाई, तुम्ही घरातलं भांडण मिटवलंत! वयाचा मुद्दा सासूबाईंना लगेच पटला. लेकीला ड्रायव्हिंगचा.

आता भाषेचं. तिला इंग्रजी पहिली भाषा, मराठी दुसरी, हिंदी तिसरी होती. परक्या भाषेचे ५ क्रेडिट यातून मिळतील का? की स्पॅनिश घ्यावंच लागेल? आणि नोंदणीच्या फॉर्मवर 'घरी कोणती भाषा बोलता' असं विचारलंय. मैत्रीण म्हणाली, तिथे इंग्रजीच लिही, मराठी लिहिलंस तर वेगळ्या वर्गात टाकतील.

गणिताच्या_बाई

मैत्रिणीचं ऐकू नका, खरं तेच लिहा. मराठी लिहिलंत तर इंग्रजीची एक चाचणी होईल. इंग्रजी माध्यमातली मुलगी आहे, बहुधा त्याच दिवशी मोकळी होईल. आणि नाहीच झाली तर मदतीचा तास मिळतो, त्याचा काही डाग लागत नाही. मराठी माध्यमाच्या मुलांना तर त्याचा फायदाच होताना मी पाहते. त्यांच्या मार्कशीटवर 'थर्ड लँग्वेज इंग्लिश' छापलेलं असतं आणि इंग्रजीचे क्रेडिट द्यायला तिथेच कां-कू होते.

भाषेच्या क्रेडिटसाठी दोन रस्ते. मार्कशीटवरची मराठी आणि हिंदी परकी भाषा म्हणून धरा असं लेखी मागायचं, बरेच ठिकाणी धरतात. नाहीतर प्राविण्य परीक्षा: राज्याची अट 'नोव्हिस हाय', म्हणजे नवशिक्यांतल्या वरच्या पातळीची आहे, ती मराठी शिकलेल्या मुलीला अगदीच सोपी. कोणती परीक्षा चालते ते डिस्ट्रिक्टलाच विचारा, फी भरायच्या आधी. वरच्या पातळीचे गुण पडले तर डिप्लोमावर 'सील ऑफ बायलिटरसी', म्हणजे दोन भाषा येतात असा शिक्का मिळतो, न्यू जर्सीत आहे तो.

पण एक लक्षात घ्या. शाळेची अट आणि कॉलेजची अट वेगळी. शाळेला भाषेचं एक वर्ष पुरतं, रटगर्सच्या (न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठाच्या) आर्ट्स अँड सायन्सेसला मात्र एकाच भाषेची दोन वर्षं लागतात. त्यांच्याच इंजिनिअरिंगला गणित चार वर्षं, प्रीकॅल्क्युलससह, आणि केमिस्ट्री-फिजिक्स दोन्ही. तेव्हा मराठीची नववी आणि दहावी अशी दोन्ही वर्षं ट्रान्सक्रिप्टवर स्वतंत्र दिसतील हे बघा. 'भाषेची अट पूर्ण' एवढा शेरा पुरत नाही.

आणि हो, तिनं एलिमेंट्री-इंटरमिजिएट चित्रकला दिली असेल तर सर्टिफिकेट न्या. कलेचे ५ मिळतीलच असं नाही, पण मागायला काय जातं!

काकाश्री

एक शंका राहिलीच. बदली आहे, म्हणजे दोन वर्षांत परतही यावं लागू शकतं. माझ्या पुतण्याचं तसंच झालं. भारतात प्रवेश घ्यायचा तर तिथलं शिक्षण इथल्या बारावीच्या बरोबरीचं आहे असं समकक्षता प्रमाणपत्र लागतं. तेव्हा अकरावी-बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हे विषय नावानिशी ट्रान्सक्रिप्टवर असू देत. तिथे फिजिक्स न घेताही हायस्कूल डिप्लोमा मिळतो, इथे मग इंजिनिअरिंगचं दार जवळपास बंद. त्या प्रमाणपत्राचे नियम निघायच्या आधी एकदा वाचून घ्या.

केतकी_पुणे

काका, धन्यवाद, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

तर आत्तापुरतं असं ठरवलंय, चुकत असेल तर सांगा. दहावीत: इंग्रजी, अल्जिब्रा टू, बायॉलॉजी, यूएस हिस्टरी वन, पीई-हेल्थ, सिरॅमिक्स, आर्थिक साक्षरता अर्धं वर्ष, आणि स्पॅनिश. मराठीचे क्रेडिट मिळाले तर स्पॅनिश काढून कॉम्प्युटर. केमिस्ट्री अकरावीला, फिजिक्स बारावीला.

गणिताच्या_बाई

स्पॅनिश पहिल्या दिवशी काढू नका. क्रेडिटचं उत्तर लेखी येईपर्यंत तो तास धरून ठेवा, पण विषय बदलायची शेवटची तारीख कौन्सेलरला आल्या आल्या विचारून घ्या. आणि केमिस्ट्री-फिजिक्सचा क्रम शाळेवर आहे. काही शाळा फिजिक्स आधी घेतात. तुमच्या त्या पीडीएफमध्ये प्रत्येक विषयाखाली 'आधी काय केलेलं हवं' ते छापलेलं असेल. पूर्ण पीडीएफ नका वाचू, तेवढ्या ओळी वाचा. बाकी यादी चांगली आहे.