ओकलंडचा गोंगाट खाडीपलीकडे का गेला नाही?

पूर्वखाडीकर

मे 2007. ओकलंडच्या ऑरॅकल अरीनात अगदी वरच्या मजल्यावर बसलो होतो. बसलो कसला, उभाच होतो. आमचा एनबीए बास्केटबॉल संघ वॉरियर्स 1994 नंतर पहिल्यांदा प्लेऑफमध्ये (बाद फेरीत), तेही आठव्या मानांकनावर. समोर 67 सामने जिंकून आलेला डॅलस. जिकडे बघावं तिकडे ‘वी बिलीव्ह’ लिहिलेले पिवळे टी-शर्ट. सहाव्या सामन्यात 111-86 असा डॅलसचा निकाल लागला, तेव्हा शेजारच्या अनोळखी आजोबांनी माझ्या पाठीत असा धपका घातला की दोन दिवस दुखत होतं. घसा तर आठवडाभर बसला होता.

2019 मध्ये संघ सॅन फ्रान्सिस्कोच्या चेस सेंटरला गेला. इमारत देखणी आहे, वाद नाही. पण तो आवाज काही खाडी ओलांडून आला नाही. माझं मत सरळ आहे: अरीनाचं वातावरण तिकिटाच्या किमतीवर ठरतं. पूर्वी बार्ट लोकलच्या कोलिसियम स्टेशनवर उतरून पुलावर आलं, की बेकन गुंडाळलेल्या हॉटडॉगचा वास आणि टी-शर्ट विकणाऱ्यांच्या आरोळ्या. सामना तिथूनच सुरू व्हायचा. आता टीव्हीवर बघा, तिसरा क्वार्टर सुरू झाला तरी खालच्या रांगांत खुर्च्याच दिसतात, माणसं लाउंजमध्ये. बोला.

आडवा_प्रश्न

साफ असहमत. ही तरुणपणाची आठवण आहे, सिद्धांत नाही.

तुमचं गरिबांचं ओकलंड 1996-97 मध्ये आतून पाडून नवं बांधलेलं होतं. संघ तो मोसम सॅन होझेत खेळला आणि परतला तेव्हा श्रीमंतांसाठी बॉक्सेस (खासगी दालनं) तयार होते. आणि 2000-01 चं काय? 17 विजय, 65 पराभव. छत तेच, पूल तोच, हॉटडॉगही तेच. तेव्हा घसा बसला होता का? वातावरण जिंकण्यातून येतं. 2022 च्या बॉस्टनविरुद्धच्या फायनल्सचा पाचवा सामना चेस सेंटरलाच झाला, त्या रात्री कुणी लाउंजबद्दल तक्रार केल्याचं मला आठवत नाही.

बॉस्टनचं टीडी गार्डनही 1995 चंच आहे. त्याच फायनल्समध्ये तिथल्या प्रेक्षकांनी वॉरियर्सच्या ड्रेमंड ग्रीनला किती सोलून काढलं होतं!

तिसरी_रांग

दोघेही मूळ मुद्दा सोडून भांडताय. आवाज माणसांचा आहे की स्पीकरचा, ते आधी ठरवा.

5 मार्च 2017 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डननं एक प्रयोग केला. तिथला संघ निक्स विरुद्ध वॉरियर्स, आणि पूर्वार्धात संगीत नाही, पडद्यावरचे खेळ नाहीत, ‘डिफेन्स, डिफेन्स’ची सूचना नाही. नुसते बूट करकरताना आणि चेंडू आपटताना ऐकू येत होता. मला वाटलं, आता खरे दर्दी जागे होतील. कसचं काय! निम्मा वेळ शांतताच. सामन्यानंतर ग्रीननंच त्यावर सडकून टीका केली. म्हणजे वीस-तीस वर्षं डीजेनं हात धरून टाळ्या वाजवायला लावल्या, आता हात सोडला तर चालता येईना. वानखेडेवर ‘सचिऽऽन, सचिन’ म्हणायला पडद्यावर कुणी सूचना दिली नव्हती.

घंटावाला

किंग्ज संघाच्या सॅक्रामेंटोहून लिहितोय. लॉस एंजेलिसच्या लेकर्सचे प्रशिक्षक असताना फिल जॅक्सन आमच्या गावाची गुराढोरांचं गाव म्हणून टिंगल करायचे, तर लोक गाईच्या गळ्यातल्या घंटा घेऊन आर्को अरीनात आले आणि लेकर्सच्या बाकामागे बडवत बसले. टोमण्याचंच वाद्य केलं. अशी गंमत कुठला डीजे लावून देणार?

आणि ‘जिंकलं की आवाज’ म्हणणाऱ्यांसाठी: 15 नोव्हेंबर 2013 ला आमच्याकडे 126 डेसिबलचा गिनेस विक्रम झाला. त्या मोसमात संघानं जिंकले फक्त 28 सामने! मग ओरडत का होतो? त्याआधी काही महिने संघ सिएटलला जाणार हे जवळपास ठरलं होतं. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंच्या गटानं तो विकत घेतला, म्हणून राहिला. हातातून निसटता निसटता राहिलेल्या गोष्टीसाठी माणूस जास्त ओरडतो.

आडवा_प्रश्न

विक्रम ठरवून केलेला आरडाओरडा होता, गिनेसचा माणूस समोर बसवून. आणि 2017 मध्ये कॅन्सस विद्यापीठाच्या पोरांनी 130.4 करून तोही मोडला. पण घंटांचा किस्सा आवडला, तेवढ्यापुरतं सहमत.

वरळीची_बाई

मी शाळेत शिकवते, बास्केटबॉलमधलं फार कळत नाही. 4 ऑक्टोबर 2019 ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये इंडियाना पेसर्स आणि किंग्ज यांचा सामना झाला, तेव्हा आमच्या मुलांना घेऊन गेले होते. हजारो शाळकरी मुलं. आपला संघ असा कुठलाच नाही, त्यामुळे दोन्हीकडच्या प्रत्येक बास्केटला सारखाच कल्ला. सामना जादा वेळेत गेला, पेसर्स 132-131 नं जिंकले, माझे कान बधिर. फक्त फ्री थ्रो (फाउलनंतरचा मोकळा नेम) आला की आमची रांग एकदम गप्प. एकाला विचारलं तर म्हणतो, “बाई, तो नेम धरतोय ना!”

ना इतिहास, ना जिंकण्याहरण्याचं सोयरसुतक. तुमच्या कुठल्या सिद्धांतात बसवू?

पूर्वखाडीकर

बाई, माझ्याच! तुमच्या पोरांना कुठं लाउंजमध्ये जायचं होतं?

आडवा_प्रश्न, 2000-01 बद्दल गप्प बसतो, तेव्हा मी अमेरिकेतच नव्हतो. पण माझा मुद्दा खुद्द एका अब्जाधीशाला पटलाय. लॉस एंजेलिसच्या क्लिपर्स संघाचा मालक स्टीव्ह बाल्मरनं 2024 मध्ये इंगलवुडला इंट्युइट डोम उघडला. तिथं एका बास्केटमागे ‘द वॉल’ आहे: सलग 51 रांगा, मध्ये एकही बॉक्स नाही, आणि प्रतिस्पर्ध्याची जर्सी घालून तिथं बसता येत नाही. ओरडणाऱ्यांना एकत्र आणि जवळ बसवलं पाहिजे, हे त्याला कळलं.

तिसरी_रांग

ओरडायला राखीव जागा! म्हणजे बाकीच्यांनी गप्प बसायला हरकत नाही.

घंटावाला

पण पाहुण्यांना फ्री थ्रो त्या भिंतीकडे तोंड करून मारावे लागतात. तो त्रास खरा आहे, तिथं किंग्जसाठी जाऊन आलोय. घंटा घरी ठेवून.

बाई, त्या पोरांना फ्री थ्रोला ओरडायला पुढे कुणी शिकवलं की नाही?

वरळीची_बाई

शिकली आपली आपण. आता आंतरशालेय सामन्यात शिट्टी वाजली की पंच आधी माझ्याकडे बघतात.