तातडीचं! १ मे, पुतणीचं न्यूरोसायन्स आणि बागेचा सातबारा

देवगडकर:
मंडळी, सध्या गावी आहे, रेंज फक्त विहिरीपाशी, म्हणून थोडक्यात. पुतणीला १ मेच्या आत अमेरिकेतल्या कॉलेजला होकार कळवायचाय. न्यूरोसायन्स, चार वर्षं, स्कॉलरशिप धरूनही कर्ज कोटीच्या घरात. बँकेने बागेचा सातबारा बघून परत केला. राहतं घर तारण चालेल म्हणे, पण त्यावर आम्हा तिघा भावांची नावं, आणि मधला मस्कतला. माझी पॉवर ऑफ ॲटर्नी इथे करू की अमेरिकेत परत आल्यावर वकिलातीत? कोणी केलीय का? दादाला विचारायची सोय नाही, आंब्याच्या पेट्या वाशीला जातायत.

चिपळूणची ताई:
आधी फाफ्सा भरा, अमेरिकन सरकारी मदतीचा अर्ज! फेडरल (सरकारी) कर्ज स्वस्त पडतं. आमच्या दोघांचं त्यावरच झालं.

गुहागरकर:
ताई, मुलगी एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर येणार. फेडरल कर्ज नागरिक, ग्रीनकार्डवाले अशांनाच. तेसुद्धा आईवडिलांवर अवलंबून असलेल्या मुलाला मिळून मिळून पहिल्या वर्षी ५,५०० डॉलर, आणि अख्ख्या बॅचलर्सला ३१,०००. उरतं खासगी कर्ज, त्याला बहुतेक ठिकाणी इथला कोसायनर, म्हणजे सोबत सही करून हमी घेणारा लागतो. देवगडकर, सही केलीत तर ते कर्ज तुमचंच समजा. दिवाळखोरीतही विद्यार्थी कर्ज सहसा सुटत नाही, २००५ च्या कायद्याने खासगीचंही तेच झालं.

चिपळूणची ताई:
बरं, मग सीएसएस प्रोफाइल, कॉलेजच्या मदतीचा अर्ज, तरी भरलाय का? काही कॉलेजं परदेशी मुलांनाही स्वतःच्या पैशातून मदत देतात. अपील करायला लावा, लाजू नका.

राजापूरकर:
कर्ज कुठून मिळतं ते राहू दे, फिटणार कशातून ते बघा. आमची लेक हेच शिकली. नुसत्या बॅचलर्सवर न्यूरोसायंटिस्ट म्हणून कोणी उभं करत नाही. लॅबमध्ये रिसर्च असिस्टंट, नाहीतर हॉस्पिटलात क्लिनिकल ट्रायलच्या फायली. ती उंदरांच्या मेंदूचे काप करत होती आणि भाडं आम्ही भरत होतो. पीएचडीला लागली तेव्हा कुठे फी माफ, वर स्टायपेंड.

अमेरिकन सरकारच्या कॉलेज स्कोरकार्ड साइटवर विषयवार कमाई आणि कर्ज दिसतं. जरूर बघा, पण त्यात फेडरल मदत घेतलेलीच मुलं धरतात आणि पुढे शिकत असलेली कमाईच्या आकड्यातून वगळतात. न्यूरोसायन्सची बरीच मुलं मेडिकलला किंवा पीएचडीला जातात, म्हणजे आकडा मागे उरलेल्यांचा. लोक म्हणतात तो खरा नाही. मी म्हणते तोच धरा, तुमचा हप्ता डिग्रीनंतर सुरू होणार आहे, पीएचडीनंतर नाही. आणि मेडिकलचं मनात असेल तर इथली बरीचशी मेडिकल कॉलेजं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत.

सेक्रेटरी:
कोणी विचारायच्या आधी सांगतो: शिक्षण निधी फक्त सभासदांच्या मुलांसाठी. पुतणी बसत नाही. हे वार्षिक सभेत ठरलंय. पैशाचे विषय समितीमार्फत यावेत ही विनंती.

मालवणकर:
निधी मागितलान कोणी? गणपतीत उरलेले पैसे कुठे गेले, ता आधी सांगा.

सेक्रेटरी:
हिशेब ड्राइव्हवर आहे. लिंक तीनदा पाठवली.

रत्नागिरीचे काका (बँकेतून निवृत्त):
देवगडकर, बागेत खोट नाही. सरफेसी कायद्याच्या (कर्ज थकलं की बँक ज्याखाली तारण ताब्यात घेते) कलम ३१ मध्ये शेतजमीन वगळली आहे. कर्ज थकलं तर त्या कायद्याखाली बँकेला तिच्यावर हात टाकता येत नाही, म्हणून ती नको म्हणतात. घराचं म्हणाल तर तुम्ही तिथे आहात तोवर कागदावर स्वतःच सही करून या. परदेशात केलेली पॉवर सहसा वकिलातीत साक्षांकित करावी लागते, आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत तिच्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. मस्कतवाल्याला हे करावं लागेल.

आता न विचारलेलं. १ कोटी, १० टक्के, १५ वर्षं: हप्ता १ लाख ७ हजारांच्या वर. शिकत असताना हप्ता नसतो, व्याज मात्र चढत असतं, तेव्हा हा आकडाही कमीच. मुलगी भारतात परतून संशोधनाला लागली तर जेआरएफ (सरकारी संशोधन फेलोशिप) महिना ३७,००० आणि घरभाडे भत्ता, तेही बहुधा एमएस्सी, नेट परीक्षेनंतर. पुण्याच्या आयसर या सरकारी विज्ञान संस्थेचं बीएस-एमएस पाच वर्षांचं. ते करून पीएचडीला अमेरिकेत गेली तर राजापूरकर म्हणतात तसं, फी माफ.

गुहागरकर:
आयसर काय रस्त्यावर पडलंय काका? न्यूरोसायन्स स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान विषयांत) बसतं, ओपीटी, म्हणजे डिग्रीनंतर इथे नोकरीची परवानगी, एक अधिक दोन अशी तीन वर्षं मिळते. युनिव्हर्सिटीच्या लॅबला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाचा कोटाही नाही. डॉलरमध्ये कमावेल की.

राजापूरकर:
कुठल्या पगारातून? आताच सांगितलं ना भाडं कोण भरत होतं ते! ज्यांना लवकर फेडायचं असतं ती मुलं पायथन, स्टॅटिस्टिक्सकडे वळतात. जोडीला दुसरा मेजर (मुख्य विषय) घेता येतो का ते विचारा.

देवगडकर:
मधल्याशी बोललो. घरावर सही करणार नाही म्हणाला, आई तिथे राहते. मला त्याचं चुकलं असं वाटत नाही. दादा मात्र बाग पुढच्या दोन हंगामांसाठी कराराने द्यायला निघालाय, त्याला काकांचा हप्त्याचा आकडा वाचून दाखवला. गप्प बसलाय. पुतणीने कॉलेजकडे मुदतवाढ मागितली आहे. आयसरच्या परीक्षेचा फॉर्म तिने आधीच भरलेला होता, हे घरात आज कळलं. कोसायनरचं तूर्त राहू दे.

मालवणकर, आंब्याची फळं आणता येणार नाहीत, अमेरिकेच्या विमानतळावर काढून घेतात. आमरसाचे डबे किती, ते उद्यापर्यंत कळवा.